लिनक्स सर्व्हरवर टू-फॅक्टर लॉगिन ॲन्सिबलने बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टू-फॅक्टर लॉगिन म्हणजे एसएसएचने सर्व्हरवर येताना की-फाइलबरोबरच फोनमधला कोडही मागणं. दोन-तीनच सर्व्हर असतील तर हे पान सोडून द्या, हाताने करा, अर्ध्या तासात होईल. सर्व्हर वीस-पंचवीसच्या पुढे गेले, माणसं येत-जात राहिली आणि प्रत्येक मशीनवर कोणी काय बदललं हे कोणालाच सांगता येईना झालं, की मग ही कामं प्लेबुकात, म्हणजे टूलने सगळ्या सर्व्हरवर आपोआप करायच्या कामांच्या यादीत, बसवायची पाळी येते. खाली उदाहरणं ॲन्सिबलची (एका जागेवरून अनेक सर्व्हरांची सेटिंग सांभाळणारं, म्हणजे कॉन्फिग मॅनेजमेंटचं टूल) आहेत, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी. पपेट, सॉल्ट किंवा शेफ वापरणाऱ्यांना शब्द बदलावे लागतील, दुखणी तीच आहेत.

नेमकं काय काय बसवायचं असतं?

तीन गोष्टी. पहिली, कोड तपासणारं पॅम मॉड्यूल (पॅम म्हणजे लिनक्समधली लॉगिन तपासण्याची व्यवस्था). सगळ्यांत जास्त वापरात आहे ते गूगल ऑथेंटिकेटरचं मॉड्यूल. डेबियन-उबुंटूवर त्याचं पॅकेज नेहमीच्या भांडारात मिळतं, रेड हॅटच्या घराण्यात त्यासाठी एपेल हे जादा पॅकेजांचं भांडार चालू करावं लागतं. दुसरी, पॅमच्या एसएसएचडी फाइलमध्ये (एसएसएचडी म्हणजे एसएसएच जोडण्या घेणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम) त्या मॉड्यूलची एक ओळ. तिसरी, एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये ‘आधी की, मग कोड’ असं सांगणाऱ्या दोन-तीन ओळी.

नावात गूगल असलं तरी लॉगिनच्या वेळी गूगलशी काही बोलणं होत नाही. सर्व्हरकडे एक सिक्रेट, फोनमधल्या ॲपकडे तेच सिक्रेट. दोघंही घड्याळ बघून ३० सेकंदांच्या खिडकीसाठी सहा आकडे काढतात आणि आकडे जुळले की दार उघडतं. ही पद्धत आरएफसी ६२३८ मध्ये २०११ साली लिहून ठेवली गेली, त्यामुळे कुठलंही टीओटीपी (असा वेळेवर आधारित कोड काढणारं) ॲप चालतं. इंटरनेट फोनलाही लागत नाही आणि सर्व्हरलाही.

तीन टास्कचं काम आहे, मग यात अवघड काय?

सिक्रेटची फाइल. बाकी सगळं खरंच तीन टास्कचं, म्हणजे प्लेबुकातल्या तीन पायऱ्यांचं आहे.

ही फाइल एकदा उघडून बघा. युजरच्या होम डिरेक्टरीत लपलेली असते, परवानगी फक्त मालकाला वाचण्यापुरती. पहिल्या ओळीत सिक्रेट, मोठी अक्षरं आणि आकडे मिसळलेलं. त्याखाली अवतरणचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी: ३० सेकंदांत तीनच प्रयत्न, एकदा वापरलेला कोड पुन्हा चालणार नाही, वेळेवर आधारित पद्धत वापरायची, वगैरे. शेवटी आठ-आठ आकड्यांचे पाच आणीबाणीचे कोड.

आता एकदा लॉगिन करून परत तीच फाइल बघा. बदललेली असते! प्रयत्नांच्या ओळीपुढे वेळ नोंदली गेलेली असते, ‘पुन्हा वापर नको’च्या ओळीपुढे नुकत्याच वापरलेल्या खिडकीचा आकडा चिकटलेला असतो. आणीबाणीचा कोड वापरला असेल तर तो यादीतून नाहीसा झालेला असतो. म्हणजे ही फाइल दिसायला कॉन्फिग असली तरी वागायला छोटा डेटाबेस आहे.

आणि कॉन्फिग मॅनेजमेंटचा धर्मच असा की ‘फाइल अशीच असली पाहिजे, नसेल तर मी करतो’. तुम्ही ती टेम्पलेटने (ठरलेल्या साच्यातून) लिहिलीत तर प्रत्येक फेरीत ‘चेंज्ड’ दिसेल. त्याकडे आपण दुर्लक्ष करू, पण नुकसान दुसरीकडे होतं. वापरून संपलेला आणीबाणीचा कोड दर फेरीनंतर पुन्हा जिवंत होतो आणि नुकत्याच वापरलेल्या कोडची आठवण पुसली जाते. सुरक्षा वाढवायला लिहिलेलं प्लेबुक दर तासाला तीच सुरक्षा थोडी थोडी खरवडत बसतं, आणि पडद्यावर सगळं हिरवं.

म्हणून माझा नियम: सिक्रेट वापरलं गेलंच पाहिजे हा दंडक टूलने राखावा, पण सिक्रेट टूलच्या हातात देऊ नये. फाइल आहे की नाही, तिची मालकी आणि परवानगी बरोबर आहे की नाही, इतकंच टूलने बघावं. मजकुराला हात लावू नये.

मग सिक्रेट तयार कोण करणार?

शक्य असेल तिथे ज्याचं त्याने. माणूस की वापरून आत येतो, ऑथेंटिकेटरची आज्ञा चालवतो, टर्मिनलवरच क्यूआर कोड येतो, तो फोनने टिपतो, आणीबाणीचे कोड स्वतःकडे जपतो. सिक्रेट कुठून कुठे पाठवावं लागत नाही, हा यातला सगळ्यांत मोठा फायदा.

प्लेबुकातूनच तयार करायचं असेल तर तीच आज्ञा प्रश्न न विचारता चालवता येते. वेळेवर आधारित पद्धत, पुनर्वापर बंद, ३० सेकंदांत तीन प्रयत्न, खिडकी तीनची (मागचा, आताचा आणि पुढचा कोड चालेल), आणि आउटपुट गप्प, हे सगळे पर्याय तिला देता येतात. ॲन्सिबलच्या कमांड टास्कला ‘क्रिएट्स’ लावून त्या फाइलचा पत्ता द्या, म्हणजे फाइल असेल तर टास्क चालणारच नाही. कॉपी मॉड्यूल वापरत असाल तर ‘फोर्स’ बंद ठेवा. परिणाम तोच.

पण मग प्रश्न उरतो तो पोचवण्याचा. सिक्रेट ईमेलने किंवा ऑफिसच्या चॅटवर पाठवलं, तर आयुष्यभर ते त्या चॅटच्या शोधात सापडत राहील. माझ्या मते, पोचवायचा सुरक्षित रस्ता आधी ठरत नसेल तर सिक्रेट मध्यवर्ती तयार करायच्या भानगडीत पडू नये.

‘नल-ओके’ ठेवावं का?

हा पर्याय पॅमच्या ओळीत दिला की ज्याची सिक्रेट फाइल नाही त्याला कोड विचारला जात नाही. नोंदणीच्या काळात तो लागतोच, नाहीतर माणूस नोंदणी करायला आत येणार कसा?

यात दोन खाचा आहेत. ‘नल-ओके’मुळे मॉड्यूल ‘पास’ असं म्हणत नाही, ‘मला धरू नका’ असं म्हणतं. पॅमला मात्र कोणीतरी एकाने तरी ‘पास’ म्हणायला हवं असतं. म्हणून तुम्ही पासवर्डची ओळ काढून टाकली असेल आणि हे एकटंच मॉड्यूल उरलं असेल, तर नोंदणी न झालेला माणूस आत येण्याऐवजी बाहेरच राहतो. शेवटी पॅम-परमिटची (नेहमी ‘पास’ म्हणणाऱ्या मॉड्यूलची) ओळ घातली की हे सुटतं. लोक तासन्‌तास याच्यावर डोकं आपटतात.

दुसरी खाच जास्त वाईट. ‘नल-ओके’ कायमचं राहिलं आणि फाइल होम डिरेक्टरीतच असली, तर युजरने फाइल उडवली की टू-फॅक्टर संपलं. कंटाळलेला सहकारी हे करतो, आणि त्याच्या सेशनमध्ये घुसलेला चोरही करू शकतो. म्हणून व्हेरिएबलमध्ये शेवटची तारीख ठेवा, आणि ती उलटली की टेम्पलेटनेच तो शब्द गाळावा अशी अट लिहा. माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडलं तर तो शब्द दोन वर्षांनीही तिथेच असतो.

यापेक्षा पक्कं हवं असेल तर सिक्रेट फाइल्स होममधून काढून रूटच्या मालकीच्या डिरेक्टरीत ठेवता येतात. मॉड्यूलला ‘सिक्रेट’ने पत्ता आणि ‘युजर’ने रूट सांगायचं. मग युजरला स्वतःची फाइल ना वाचता येते ना उडवता येते. अर्थात स्वतः नोंदणी करण्याची सोयही जाते, तेवढं मात्र तुमच्या गळ्यात.

सगळ्या सर्व्हरवर एकच सिक्रेट चालेल का?

चालतं, आणि बरेच जण तसंच करतात, कारण फोनमध्ये चाळीस नोंदी कोण सांभाळणार. पण ‘एकदा वापरलेला कोड पुन्हा नाही’ ही आठवण ज्या त्या सर्व्हरच्या फाइलीत असते. पहिल्या सर्व्हरवर वापरलेला कोड दुसऱ्याला माहीतच नसतो. कोणी तो खांद्यावरून वाचला, तर त्याच खिडकीत उरलेल्या एकोणचाळीस ठिकाणी तो चालेल. आणि एक सर्व्हर फुटला की सगळीकडचं सिक्रेट फुटलं.

मला पटलेला मार्ग म्हणजे एकच मधला सर्व्हर, ज्याला जंप होस्ट म्हणतात. कोड तिथेच विचारायचा, आतल्या सर्व्हरांनी फक्त त्याच्याच पत्त्यावरून जोडणी घ्यायची. फोनमध्ये एक नोंद, जपायला एक फाइल. ओपनएसएसएचमध्ये (एसएसएचडी ज्याचा भाग आहे ते सॉफ्टवेअर) ७.३ पासून, म्हणजे २०१६ पासून, त्यासाठी प्रॉक्सी-जंपची सोय आहेच. माणसं शेकड्यात असतील तर फ्रीआयपीएसारखी मध्यवर्ती ओळख-व्यवस्था बघा. टीओटीपी तिथे एकाच जागी राहतो आणि वरची फाइल-कटकट मुळातच येत नाही.

की आणि कोड, दोन्ही सक्तीचे कसे करायचे?

‘ऑथेंटिकेशन-मेथड्स’ या सेटिंगने. ओपनएसएसएच ६.२ पासून, २०१३ पासून ती आहे. तिथे पब्लिक-की (म्हणजे की) आणि कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह (म्हणजे पॅममार्फत विचारला जाणारा कोड) ही दोन नावं लिहायची, आणि मध्ये स्वल्पविराम द्यायचा. फक्त स्वल्पविराम. त्याच्या जागी मोकळी जागा पडली तर अर्थ ‘दोन्ही’ऐवजी ‘दोन्हींपैकी कोणतंही एक’ असा होतो, आणि एसएसएचडी कसलीही तक्रार करत नाही. यादीतून टेम्पलेट तयार करताना जोडणारं चिन्ह नीट तपासा.

याशिवाय पॅम वापर चालू हवा आणि कीबोर्ड-इंटरॅक्टिव्हही चालू हवं. डेबियनच्या पॅम फाइलमध्ये ‘कॉमन-ऑथ’ची ओळ तशीच राहिली तर की, मग पासवर्ड, मग कोड अशी तिहेरी वरात निघते. पासवर्ड नको असेल तर ती ओळ कॉमेंट करा. रेड हॅटकडे तीच भूमिका ‘पासवर्ड-ऑथ’ची ओळ बजावते. हे लाइन-इन-फाइलने (एकेक ओळ बदलणाऱ्या मॉड्यूलने) टोचत बसण्यापेक्षा प्रत्येक डिस्ट्रोसाठी पूर्ण पॅम फाइलचं टेम्पलेट ठेवलेलं बरं, कारण पॅममध्ये ओळींचा क्रम म्हणजेच अर्थ.

सगळं बरोबर लिहिलंय, तरी कोड विचारतच नाही. का?

नव्वद टक्के वेळा कारण असं की तुमची ओळ वाचली जाण्याआधीच दुसऱ्या कोणीतरी ती सेटिंग करून ठेवलेली असते. एसएसएचडीत जी किंमत पहिल्यांदा भेटेल तीच धरली जाते. ओपनएसएसएच ८.२ पासून इन्क्लूडची (दुसऱ्या फाइली ओढून घेण्याची) सोय आली, आणि मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच एका डिरेक्टरीतले तुकडे ओढून घ्यायची पद्धत डिस्ट्रोंनी उचलली. तिथे पन्नास आकड्याने सुरू होणारा एखादा तुकडा कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह बंद करून बसलेला असतो, आणि तुम्ही खाली मुख्य फाइलमध्ये ते चालू करताय. तुमचा तुकडा शून्य-एकने सुरू होणाऱ्या नावाने टाका.

दुसरं कारण नावाचं. पूर्वी हीच सेटिंग ‘चॅलेंज-रिस्पॉन्स’ नावाने होती, ८.७ पासून तिला कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह म्हणतात. जुनं नाव अजून ओळखलं जातं, पण एका तुकड्यात जुनं नाव ‘नाही’ आणि दुसऱ्यात नवं नाव ‘हो’ असं असेल तर पुन्हा पहिलं जिंकतं. अंदाज बांधण्यापेक्षा एसएसएचडीलाच विचारा: मोठ्या टीचा पर्याय देऊन चालवलं की सगळं मिसळून शेवटी काय लागू झालं ते छापून देतो. ‘सी’ पर्यायाने युजरचं नाव दिलं तर त्या युजरपुरतं काय लागू आहे तेही कळतं.

मग ॲन्सिबल स्वतः आत कसं जाणार? त्याच्याकडे फोन नाही.

त्याच्यासाठी वेगळं खातं करा. तुमच्या स्वतःच्या खात्यावरून ॲन्सिबल चालवत असाल तर ती सवय आजच मोडा. कॉन्फिगच्या शेवटी ‘मॅच युजर’चा तुकडा घालून त्या एका खात्याला फक्त पब्लिक-की पुरेशी ठेवायची. कीने आलेल्या माणसाला पॅमचा कोड विचारणारा भाग लागतच नाही, म्हणून पॅममध्ये वेगळी सूट द्यावी लागत नाही.

पण सूट म्हणजे भोक. म्हणून त्या खात्याची की फक्त कंट्रोल मशीनच्याच (जिथून ॲन्सिबल चालतं तिच्या) पत्त्यावरून चालेल असं अधिकृत कीच्या ओळीत ‘फ्रॉम’ने बांधा, मॅचमध्येही पत्त्याची अट घाला, आणि कंट्रोल मशीनवर यायला मात्र माणसांना कोड लावा. पपेट आणि सॉल्टवाले इथे सुटतात. त्यांचा एजंट सर्व्हरवरून स्वतःच बाहेर जोडणी करतो, एसएसएचचा संबंधच नाही. ॲन्सिबललाही ‘पुल’ पद्धतीने चालवता येतं, पण एवढ्यासाठी सगळी रचना बदलू नये.

स्वतःलाच बाहेर कोंडून घ्यायची वेळ येऊ नये म्हणून काय करावं?

माझ्यावर आली होती, म्हणून जरा सविस्तर. बारा सर्व्हर होते. त्यांतल्या दोनांवर एपेल भांडार चालूच नव्हतं, त्यामुळे पॅकेज बसलं नाही. त्या टास्कवर कधीकाळी कोणीतरी, बहुधा मीच, ‘चुका दुर्लक्षित करा’ असं लावून ठेवलेलं. पुढच्या टास्कने पॅममध्ये नसलेल्या मॉड्यूलची ओळ टाकली. नसलेलं ‘रिक्वायर्ड’ मॉड्यूल म्हणजे कायमचा नकार. मी लगेच ॲन्सिबलने पिंग केलं, बाराही हिरवे. समाधानाने लॅपटॉप मिटला. सकाळी दोन सर्व्हर कोणालाच आत घेईनात. आदल्या रात्रीचं ते पिंग नव्या लॉगिनने गेलंच नव्हतं. ॲन्सिबल एसएसएचची जोडणी मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंद उघडी ठेवतं, आणि पिंग त्या जुन्या जोडणीवरून गेलं होतं. शेवटी कन्सोलवरून आत जाऊन ती एक ओळ पुसली.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आधी घड्याळ, मग पॅकेज, मग मॉड्यूलची फाइल डिस्कवर खरंच आहे का हे स्टॅटने बघणं आणि नसेल तर तिथेच थांबणं. मग पॅम, आणि सगळ्यांत शेवटी एसएसएचडी. एसएसएचडीचं टेम्पलेट टाकताना ‘व्हॅलिडेट’मध्ये एसएसएचडीचीच तपासणी लावा, चुकीची फाइल मग जागेवर जातच नाही. रीस्टार्टऐवजी रीलोड. सीरियल एक (एका वेळी एकच सर्व्हर), म्हणजे पहिला सर्व्हर पडला की बाकीचे वाचले. हँडलर (बदल झाल्यावर चालणारं, रीलोडसारखं काम) शेवटाला न ठेवता लगेच फ्लश करा, आणि जोडणी मुद्दाम तोडून नव्याने लॉगिन करून बघा.

पॅमला अशी ‘व्हॅलिडेट’ची सोय नाही, आणि पॅमची फाइल प्रत्येक नव्या लॉगिनला नव्याने वाचली जाते, रीलोडची वाट बघत नाही. म्हणून त्या टास्कच्या आधी मी सिस्टमडी-रनने दहा मिनिटांचा टायमर लावतो. तो जुन्या फाइल्स परत ठेवून रीलोड करतो. नवं लॉगिन जमलं तर पुढचा टास्क टायमर रद्द करतो, नाही जमलं तर दहा मिनिटं गप्प बसायचं. या सगळ्यात एक रूट सेशन दुसऱ्या खिडकीत उघडं ठेवायचं हे सांगायला नकोच.

एसई-लिनक्स चालू आहे आणि लॉगमध्ये फाइल लिहिता न आल्याची तक्रार दिसते.

एसई-लिनक्स म्हणजे कोणत्या प्रोग्रामने कुठे लिहावं हे ठरवणारी सुरक्षा-व्यवस्था. एसएसएचडीला होमच्या मुळाशी लिहायची मुभा तिच्या धोरणात नसते, आणि मॉड्यूलला तर दर लॉगिनला लिहायचं असतं. सिक्रेट फाइल युजरच्या एसएसएच डिरेक्टरीत हलवा, मॉड्यूलला तो पत्ता द्या आणि लेबल पूर्ववत करणारी आज्ञा चालवा. एसई-लिनक्स बंद करणं हा उपाय नव्हे.

बरोबर कोड टाकूनही नाकारतोय.

घड्याळ बघा. स्नॅपशॉटवरून उठवलेली व्हर्च्युअल मशीन हमखास मागे असते. क्रोनी (घड्याळ जुळतं ठेवणारा प्रोग्राम) बसवणं आणि चालू असणं हे त्याच रोलमध्ये (टास्कच्या गटात) ठेवा. खिडकी १७ पर्यंत ताणून चार-चार मिनिटांची चूक पोटात घालता येते, पण तेवढा वेळ जुना कोडही चालतो. घड्याळ दुरुस्त करणं स्वस्त पडतं.

फोन हरवला तर?

आधी आणीबाणीचे कोड. तेही फोनमध्येच ठेवले होते असं कळलं, तर त्या माणसाची फाइल बाजूला काढून पुन्हा नोंदणी करून घेणारं छोटं प्लेबुक तयार असू द्या. ते चालवण्याआधी समोरचा खरंच तोच आहे ना, हे आवाज ऐकून किंवा प्रत्यक्ष भेटून ठरवा. ‘फोन हरवला, जरा रीसेट कर ना’ हा एका ओळीचा मेसेज कोणीही पाठवू शकतो.

सुडोलाही कोड लावावा का?

लावता येतो. मी लावत नाही. ॲन्सिबलचं ‘बिकम’ (सुडोने रूट होणं) तिथेच अडकतं, आणि मग त्या खात्याला पासवर्डविना सुडो द्यावं लागतं, जे बहुतेक ठिकाणी आधीच दिलेलं असतं.

एससीपी, आरसिंक, रात्रीचे बॅकअप?

माणसाच्या खात्यावरून चालणारे सगळे थांबतील, आणि ते थांबल्यावरच कळेल की कोणाच्या खात्यावर काय चाललं होतं. आधी क्रॉनच्या नोंदी चाळून घ्या आणि त्या कामांना स्वतंत्र सेवा-खाती, एकाच आज्ञेपुरती बांधलेली की, असं द्या. दिवसात पन्नासदा लॉगिन करणाऱ्यांसाठी मॉड्यूलमध्ये ‘ग्रेस-पीरियड’ आहे, त्याच पत्त्यावरून तेवढी सेकंदं कोड पुन्हा विचारला जात नाही.

सिक्रेट कुठे सांडू शकतं?

तुमच्याच टर्मिनलवर. ‘डिफ’ (फाइलीतला फरक दाखवणं) चालू ठेवून चेक मोड (नुसती रंगीत तालीम) चालवला की टेम्पलेटमधलं सगळं पडद्यावर, आणि तिथून सीआयच्या (प्लेबुक आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) लॉगमध्ये. सिक्रेटला हात लावणाऱ्या टास्कवर ‘नो-लॉग’ आणि ‘डिफ’ बंद, दोन्ही लावा. गिटमध्ये ठेवायचंच असेल तर ॲन्सिबल व्हॉल्टने बंद करून. सर्व्हरच्या बॅकअपमध्ये होम डिरेक्टऱ्यांबरोबर सिक्रेट फाइल्सही जातात, हे कोणाच्या ध्यानात नसतं.

हार्डवेअर की असेल तर हे सगळं टळतं का?

बरंचसं. ओपनएसएसएच ८.२ पासून, २०२० पासून, फिडो की, म्हणजे अशाच हार्डवेअर की, थेट चालतात. की तयार करताना ‘एसके’ प्रकार निवडायचा आणि लॉगिनच्या वेळी बटणाला बोट लावायचं. सर्व्हरवर फक्त सार्वजनिक की जाते. ती गुपित नाही, दर लॉगिनला बदलत नाही, टेम्पलेटने शंभरदा लिहिली तरी काही बिघडत नाही. कॉन्फिग मॅनेजमेंटच्या स्वभावाला हे तंतोतंत जुळतं. पॅमला हातही लावावा लागत नाही.

फक्त युजर स्वतःच्या अधिकृत कीच्या फाइलीत साधी की घालू शकतो, हे भोक बुजवा. एकतर स्वीकारायच्या कीचे प्रकार ‘एसके’पुरते मर्यादित करा, ॲन्सिबलचं खातं वगळून, किंवा अधिकृत कीच्या फाइल्स रूटच्या मालकीच्या डिरेक्टरीत हलवा. नवीन उभारणी असेल आणि प्रत्येकाला दोन-दोन की देण्याइतकं बजेट असेल, तर मी टीओटीपीच्या वाटेला जाणार नाही.

सगळीकडे खरंच लागू झालंय हे कसं कळणार?

प्लेबुकच्या हिरव्या रंगावरून नाही. लॉग बघा. नीट बसलं असेल तर एका लॉगिनला दोन ओळी पडतात: आधी पब्लिक-कीसाठी ‘पार्शल’, मग कीबोर्ड-इंटरॅक्टिव्हसाठी ‘ॲक्सेप्टेड’. एखाद्या माणसाच्या नावापुढे नुसतंच पब्लिक-की ‘ॲक्सेप्टेड’ दिसलं, तर तो सर्व्हर राहून गेलाय किंवा कोणीतरी मॅचमध्ये स्वतःचं नाव घुसवलंय. मी दर आठवड्याला सगळ्या सर्व्हरांवरून फक्त अशा ओळी गोळा करतो, त्यातून ॲन्सिबलचं खातं वजा करतो, आणि उरलेल्या नावांना फोन लावतो.